मिरगाला उघडा, चवथीला मिटा : क्लब रेसिंगचे क्लास आणि नियम बांधताना

सकाळचे साडेसात. डिचोलीकडचा एक सडा (कातळाचा माळ), काजूच्या सावलीत स्क्रूटिनीचं, म्हणजे शर्यतीआधी गाड्या तपासायचं टेबल, तांबडी धूळ अजून दवानं बसलेली. समोर पांढरी मारुती ८०० आणि तिच्या बॉनेटवर हात टेकून उभा असलेला साखळीचा एक मुलगा. मी सहज विचारलं, “इंजिनाचं काम कधी केलंस?”

“पावसात, दादा. धूर मारत होती. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घातले. पन्नासचे.”

पोरगा खरं बोलला आणि तिथंच अडकला. ८०० चं मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२, सिलिंडर तीन. हिशेब येतो ७९६ सीसी. पन्नासचे पिस्टन म्हणजे बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढून ६९. तीच गाडी आता ८०८ सीसीची. आमच्या नियमपुस्तकात पहिला क्लास होता ‘८०० सीसीपर्यंत’. त्या आठ सीसीपायी पोराला झेन आणि ऑल्टो के१० यांच्याबरोबर धावावं लागणार होतं. फायदा काय झाला होता त्याला? क्षमता दीड टक्क्यानं वाढली. जेमतेम चाळीस बीएचपीच्या इंजिनाला अर्धा बीएचपी, तोही कागदावर.

तो ८०० चा आकडा मीच लिहिला होता. गोल आकडा, दिसायला बरा. पंचवीसचे पिस्टन घातले तरी गाडी ८०२ वर जाते, हे लिहिताना डोक्यात आलं नाही. पण ही आमची लहान चूक. मोठी चूक पुढच्या पाच मिनिटांत केली. “जाऊ दे रे, ८१० कर,” कोणीतरी म्हणालं आणि आम्ही टेबलावरच पेनानं आकडा खोडला.

अर्ध्या तासानं फोंड्याचा एक झेनवाला आला. शांतपणे म्हणाला, “माझ्या झेनलाही पन्नासचेच पिस्टन आहेत. ९९३ ची १००७ झाली. गेल्या वर्षी हजाराच्या वर म्हणून मला स्विफ्टच्या क्लासात टाकलंत. तेव्हा पेन नव्हतं का?” उत्तर नव्हतं. त्यानं गाडी वळवली आणि पुढचे दोन मोसम तो फिरकला नाही.

चुकीचा नियम एक मोसम सोसता येतो. सकाळी बदललेला नियम कोणी विसरत नाही. क्लब रेसिंगमध्ये माणूस स्वतःच्या पगारातून गाडी उभी करतो, पावसाळाभर गॅरेजमध्ये राबतो. ज्या आकड्यांवर विसंबून त्यानं पैसे घातले ते ऑक्टोबरात जागेवर नसतील, तर तो गाडी विकून टाकतो. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात न्याय्य क्लास आणि टिकाऊ नियम यांत ओढाताण झाली, तर माझं मत टिकाऊपणाला.

आधी परवानगी

हे थोडक्यात, कारण इथं सवलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं गुन्हा आहे. ‘रात्री रस्ता रिकामाच असतो’ म्हणणाऱ्याला क्लबात घेऊच नका. देशातली मान्यताप्राप्त संघटना म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, सगळे एफएमएससीआय म्हणतात ती. तिची परवानगी, चालकांचे परवाने, विमा, रुग्णवाहिका, जागा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) असेल तर त्यांचं पत्र आणि पंचायतीचं पत्र. हे सगळं हातात आल्याशिवाय क्लासचा विचारही करू नका. आणि नव्या माणसांसाठी सुरुवात ऑटोक्रॉसनंच : एका वेळी एकच गाडी, कोन लावलेला मार्ग, लढत घड्याळाशी.

गाड्या मोजा, मग क्लास पाडा

बहुतेक नवे क्लब उलटं करतात. बाहेरचं एखादं जाडजूड नियमपुस्तक उतरवून काढतात, बारा क्लास पाडतात, आणि मग एकेका क्लासात दोन-तीन गाड्या. तिघांत तिसरा आलेला माणूस चषक घेऊन घरी जातो आणि बायकोसमोर कपाटात ठेवायला लाजतो. (अनुभव आहे.)

पहिल्या सराव दिवशी वही घेऊन पार्किंगमध्ये फिरा. गाडी, इंजिन, सीसी, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे का, काय बदललंय ते लिहून काढा. गोव्यात साधारण हेच दिसेल : ७९६ च्या ८०० आणि ऑल्टो, ९९३ ची झेन, ९९८ ची के१०, मग ११९७ चा मोठा घोळका, म्हणजे स्विफ्ट, बलेनो, आय२०, जुनी एस्टीम १२९८ ची, वर एखाददुसरी सिटी. यातून तीन, फार तर चार क्लास निघतात. आपल्याकडे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेलाही ‘अ’ आणि ‘ब’ असे दोनच गट पुरतात की.

रेषा ओढताना एकच युक्ती : ती गोल आकड्यावर ओढू नका, गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत ओढा. ७९६ आणि ९९३ यांच्यामध्ये भरपूर रान आहे, तिथं ८५०. ९९८ आणि ११९७ मध्ये ११००. वर १४००, त्यापुढे ओपन. अशी रेषा असली की बोअर केलेलं जुनं इंजिन चुकून पलीकडे पडत नाही आणि कोणाला स्क्रूटिनीच्या टेबलावर गणित घालत बसावं लागत नाही. एखाद्या क्लासात पाचाहून कमी गाड्या आल्या तर तो त्या दिवसापुरता वरच्या क्लासात विलीन. पण हेही पुस्तकात आधी लिहिलेलं हवं.

नुसत्या सीसीवर विसंबलात तर टर्बो फसवतो. स्विफ्टही ११९७ ची आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआयही ११९७ ची. पण पोलोत १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, स्विफ्टचा टॉर्क ११५ च्या आसपास. ऑटोक्रॉसच्या आखूड वळणांतून बाहेर पडताना हा फरक उघडा पडतो. जागतिक संघटना एफआयएनं यावर गुणक काढलाय : पेट्रोल टर्बोची क्षमता १.७ नं गुणायची. ११९७ गुणिले १.७ म्हणजे सुमारे २०३५ सीसी. लहान क्लबात एवढं गुणत बसण्यापेक्षा सगळ्या टर्बो सरळ ओपनमध्ये टाका. त्याचं दुसरं कारण पुढे येईल.

सगळ्यांना एकच गाडी द्यावी हा सर्वांत स्वच्छ उपाय, आणि आपल्या देशात तो जुना आहे. रेसिंग गाड्या बांधणारे एस. करिवर्धन यांची ‘फॉर्म्युला मारुती’ ही गाडी ८०० च्याच इंजिनावर धावायची, पुढे पोलो कपही झाला. पण घरच्या गाडीनं येणाऱ्यांच्या क्लबाला ही चैन परवडत नाही.

लिहिलेलं नाही, ते चालणार नाही

नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावर हे एक वाक्य ठळक छापा : ‘या पुस्तकात जी मुभा लिहून दिलेली नाही, ती नाही.’ उलट बाजूनं गेलात, म्हणजे बंदीची यादी केलीत, तर ती कधीच पुरी होत नाही. डोकेबाज माणूस यादीच्या बाहेरचं काहीतरी शोधतोच, आणि त्याला लबाड म्हणता येत नाही.

इंग्लंडच्या ७५० मोटर क्लबाचा किस्सा यासाठी सांगण्यासारखा आहे. गरिबाघरच्या रेसिंगसाठी जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर बेतलेला त्यांचा एक फॉर्म्युला, म्हणजे नियमांचा संच होता. त्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट पोर्ट, म्हणजे हवा आत यायची वाट. १९५१ साली कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणानं आपल्या लोटस मार्क ३ साठी ते पोर्ट आणि मॅनिफोल्ड असे विभागले की प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतंत्र वाट मिळाली. नियमात कुठंही मनाई नव्हती. बाकीच्यांचा धुव्वा उडाला. क्लबानं ती वाट नंतर बंद केली. क्लब टिकला, आजही आहे. चॅपमनची लोटस पुढे फॉर्म्युला वनची विजेती झाली, हे रेसिंग पाहणाऱ्यांना सांगायला नको.

स्टॉक क्लासात, म्हणजे कंपनीतून आली तशी गाडी धावते तिथं, मुभा कशाला द्यावी? सुरक्षेच्या वस्तूंना सगळी : सीट, हार्नेस, रोलकेज, अग्निशामक. झिजणाऱ्या वस्तूंना बहुतेक सगळी : ब्रेक पॅड, प्लग, क्लच प्लेट, ऑइल. इंजिनाला ओव्हरसाइझ पिस्टन पन्नासपर्यंत, कारण जुन्या गाड्या जगल्या पाहिजेत. हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) फेसिंग मारून, म्हणजे तासून, कॉम्प्रेशन वाढवायला मात्र सक्त नाही. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हेडची किमान जाडी दिलेली असते, तीच मर्यादा. शॉक ॲब्सॉर्बर कंपनीचे किंवा त्याच मापाचे बाजारातले. एवढंच.

आता सावधगिरीची गोष्ट. एका वर्षी आम्ही म्हटलं, एअर फिल्टर तरी मोकळा करू, हजार-बाराशेची तर वस्तू. पुढच्या वर्षी फिल्टरवाले म्हणाले, हवा आत आली पण बाहेर जात नाही, सायलेन्सरला मुभा द्या. सायलेन्सर झाला तशी गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालायला लागली, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. तीन वर्षांत ‘स्टॉक’ क्लासात यायचा खर्च एका जुन्या ८०० च्या किमतीइतका झाला आणि नवीन पोरं यायची बंद झाली. दिलेली मुभा परत काढून घेता येत नाही. ज्यांनी पैसे घातले ते तुमच्या दारात उभे राहतात. म्हणून हजार रुपयांची मुभा देताना पुढच्या तीन मागण्या कोणत्या येणार ते आधी वहीत लिहून पाहा.

आणखी एक इथली गोष्ट. बहुतेकजण स्पर्धेला त्याच गाडीनं येतात, त्याच गाडीनं सोमवारी पणजीला कामाला जातात. रस्त्यावर आरटीओला जे चालत नाही ते स्टॉक क्लासातही चालू नये. दोन्ही पुस्तकं जुळलेली असली की माणूस सुखी. आणि हो, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-कार घेऊन कोणीतरी येणारच. “भाड्यानं घेतलीय, काय झालं तर होऊ दे!” गेटवरूनच परत.

टायर

इंजिनावर लोक रात्र-रात्र भांडतात आणि सेकंद टायरमध्ये पडलेले असतात. सगळ्या पुस्तकात एकच नियम नीट लिहायचा असेल तर टायरचा लिहा.

डांबरी मार्गावर रबर किती मऊ याला महत्त्व. अनेक टायरांच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असतो : आकडा लहान तेवढं रबर मऊ आणि झीज जास्त. अमेरिकेतले क्लब रस्त्याच्या टायरांसाठी २०० ची किमान मर्यादा ठेवतात. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, बाहेरचं कोणी मोजून देत नाही. म्हणून तिथं कागदावर २०० आणि प्रत्यक्षात च्युइंगगमसारखे टायर तयार झाले. आमच्या पुस्तकात म्हणून आकड्याबरोबर यादीही आहे : म्हापसा किंवा मडगावच्या साध्या दुकानात मागितल्यावर मिळतील असे सहा-सात टायर, नावानिशी. यादी दोन मोसम गोठवलेली.

सड्यावरच्या सुट्या मातीत गणित बदलतं. तिथं रबरापेक्षा नक्षी बोलते. चिऱ्याच्या बारीक खड्यांवर गुळगुळीत टायर म्हणजे बॉल बेअरिंगवर उभं राहणं. मातीच्या स्पर्धेसाठी एकच ओळ घाला : रॅलीचे खास टायर फक्त ओपनमध्ये. नाहीतर एकजण ते घेऊन येतो, जिंकतो, आणि पुढच्या वेळी सगळ्यांना घ्यावेच लागतात.

तपासताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. फार जुना टायर स्पर्धेच्या दृष्टीनं फायद्याचा नसतोच. तो फुटतो म्हणून बाद.

वजन

मागची सीट काढली, कार्पेट काढलं, दारांची पॅडं काढली, की गाडी पैसे न खर्चता पळते. म्हणून स्टॉक क्लासात आतलं सगळं जागच्या जागी. स्टेपनी, जॅक आणि मॅट तेवढं काढायचं, कारण सुटी वस्तू डोक्यावर येते. शिवाय प्रत्येक मॉडेलला किमान वजन, चालकासह, आणि मोजणी रन संपल्यावर.

वजन करायचं कुठं? खाणपट्ट्यात ट्रकांचे वजनकाटे मिळतात, मालकही आनंदानं देतो. फक्त लक्षात ठेवा, ते काटे दहा टनांच्या गोष्टी करणारे. आकडा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यात दाखवतात. तेव्हा पुस्तकात सरळ वीस किलोची सूट लिहा आणि सगळ्या गाड्या त्याच दिवशी त्याच काट्यावर घाला. वजन भरून काढायचं असेल तर लोखंडी पट्टी फ्लोअरला नटबोल्टनं आवळलेली. एकानं डिकीत तांदळाचं पोतं टाकून आणलं होतं. उकड्या तांदळाचं. बायकोनं बाजारातून आणायला सांगितलं होतं म्हणे.

तपासता येत नाही ते लिहू नका

टर्बो गाडी ओपनमध्ये टाकायचं दुसरं कारण हे. टर्बोचा ईसीयू रीमॅप केला, म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलला, तर ताकद चांगलीच वाढते आणि बॉनेट उघडून काही दिसत नाही. ‘स्टॉक टर्बो’ असा क्लास काढून रीमॅपला बंदी घालणं म्हणजे प्रामाणिक माणसालाच दंड. मोठ्यांचीही हीच गत : १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाच्या सेलिकाचा टर्बो रिस्ट्रिक्टर (टर्बोत जाणारी हवा मर्यादित ठेवणारा भाग) असा बनवलेला सापडला की बसवल्यावर हवा बाजूनं आत जायची आणि सोडवून पाहिल्यावर काहीच कळायचं नाही. संघावर वर्षाची बंदी आली. एवढ्या नामी तपासनिसांना जे शोधायला मोसम संपत आला, ते तुम्ही काजूखाली टॉर्च मारून शोधणार आहात का?

तेव्हा प्रत्येक नियमापुढे तपासायचं हत्यार लिहा : बोअर गेज, व्हर्नियर, वजनकाटा, डोळे. हत्यार सुचत नसेल तर नियम कापा.

तक्रारीची रीतही आधीच ठरवा. निकाल लागल्यापासून अर्ध्या तासात, लेखी, एकाच मुद्द्यावर, अनामत रकमेसह. इंजिन उघडायचं असेल तर अनामतीत हेड गास्केट आणि मेकॅनिकची मजुरी धरलेली. गाडी नियमबाह्य निघाली तर खर्च तिच्या मालकाचा आणि अनामत परत. निर्दोष निघाली तर अनामतीतून गाडी पुन्हा बांधून द्यायची. ही ओळ छापल्यापासून आमच्याकडे ‘त्याच्या गाडीत काहीतरी आहे’ ही कुजबुज अर्ध्यावर आली.

निर्णय कोणी द्यायचा? तीन माणसं, त्यांतला एकही त्या क्लासात धावणारा नको. गोवा केवढा, कोणी ना कोणी कोणाचा मेव्हणा, कोणाचा शेजारी निघतोच. नातं असेल त्यानं त्या तक्रारीपुरतं उठून चहा प्यायला जावं. आमच्याकडे हे चहाचं वाक्य इतिवृत्तात तसंच लिहितात.

एकच माणूस सतत जिंकतो, तेव्हा

लोक लगेच म्हणतात, त्याच्या गाडीवर वजन टाका. थांबा. पुढच्या सराव दिवशी त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसवा आणि त्याच्या गाडीत दुसऱ्या चांगल्या चालकाला. तीन-तीन रन. दुसऱ्याच्या गाडीतही तोच पुढे असेल तर नियमाला हात लावू नका. त्याला नवशिक्यांसोबत शेजारच्या सीटवर बसवा, सगळ्यांचा वेळ सुधारेल. गाडीच वेगवान निघाली तर पावसाची वाट पाहा. मधल्या काळात त्या मॉडेलच्या नियमांना हात लावायचा नाही.

मिरग ते चवथ

पावसाची वाट म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजारेक मिलिमीटर पाऊस कोसळतो, सडा तळ्यासारखा होतो, कोणी धावत नाही. हीच नियमांची पेरणी. मिरग लागला की पुस्तक उघडायचं. सूचना फक्त लेखी, जुलैच्या मध्यापर्यंत, आणि प्रत्येक सूचनेसोबत ‘यानं कोणाचा किती खर्च वाढेल’ हा रकाना भरलेला. तो रकाना भरताना निम्म्या सूचना गळतात. मग मसुदा सगळ्यांना, दोन आठवडे हरकती, आणि चवथीच्या आधी पुस्तक बंद. ऑक्टोबर ते मे एक अक्षर हलत नाही. अपवाद सुरक्षेचा, तोही समितीच्या तिघांच्या सह्यांनी.

अर्थ लावण्यावरून वाद झाला तर तो बदल नव्हे, खुलासा. त्याला क्रमांक आणि तारीख द्या आणि पुढच्या छपाईत आत घ्या. कोणाची आधी घेतलेली वस्तू निकामी करणारा नियम असेल तर तो मान्य झाल्यावर एक पूर्ण मोसम सोडून लागू होतो.

त्या पावसात ८५० आणि ११०० चे आकडे लागले. छापलेलं पुस्तक मी स्वतः झेनवाल्याच्या दुकानात नेऊन दिलं. त्यानं पान उघडून ११०० वर बोट ठेवलं.

“हा किती वर्षं?”

“तीन मोसम.”

“तोंडी नको, लिहून दे.”

पुढच्या प्रतीत मुखपृष्ठाच्या आत ती ओळ छापली आहे : ‘क्लासच्या रेषा तीन मोसम बदलणार नाहीत.’ खाली वर्ष आहे, आणि पेनानं काही खोडायला जागा ठेवलेली नाही.